सावजीची सवय असलेली जीभ परदेशात गेल्यावर काय करते?

नागपूरहून परदेशी शिकायला निघालेल्या पोराची बॅग वजनकाट्यावर ठेवली, की शेवटी वाद होतो तो पुस्तकांवरून नाही, मसाल्यावरून. आई म्हणते आणखी एक पुडा राहू दे. बाप म्हणतो वजन जास्त होऊन राहिलं. पोरगा म्हणतो तिकडे सगळं मिळते. आणि तरी सावजी मसाला, भिवापुरी मिरचीचं तिखट, मेतकूट आणि चिवडा बॅगेत जातोच.

दोन महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न असतो, ‘काय खाऊन राहिला रे?’ उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, मॅगी आणि अंडी. तिकडे शेजारच्या गल्लीत शंभर पदार्थ मिळत असतात, पण पोरगा मॅगीवर जगत असतो.

हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण पहिल्या सहा महिन्यांत नीट न जेवल्याने वजन उतरणं, सारखं आजारी पडणं, वर्गात डोळे मिटणं ही परदेशी शिकणाऱ्यांची ओळखीची तक्रार आहे. नव्या जेवणाला जीभ नाही का म्हणते, ती कशी वळते, आणि कुठे ती वळवण्याचा प्रश्नच नसतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात सावजीपासूनच करू. नागपुरातल्या विणकर हलबा कोष्टी समाजाच्या घरांतलं हे जेवण. काळा मसाला, त्यात खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, मिरी, लवंग, आणि जुन्या पद्धतीत जवसाचं तेल. मटण न खाणाऱ्यांसाठी त्याच रश्शात बेसनाची पाटवडी. बाहेरच्या माणसाला यातलं फक्त तिखट कळतं. नाकातून पाणी येतं, कान गरम होतात.

पण तिखट ही मुळात चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला जाऊन चिकटतं, त्याचं खरं काम चटका ओळखणं हे आहे. गरम चहाने जीभ भाजते तेव्हा मेंदूला जो निरोप जातो, तोच निरोप मिरचीमुळे जातो. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने हा ग्राहक शोधला आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. रोज मिरची खाणाऱ्याच्या जिभेवर हा निरोप हळूहळू मंद होतो. म्हणून नागपूरकराला जे ‘बरं तिखट’ वाटतं, ते पुणेकराला झेपत नाही. आणि म्हणूनच नागपूरकराला उकडलेला बटाटा आणि मिठातला मासा समोर आला, की ताटात काहीतरी व्हायचंच राहिलंय असं वाटतं.

याला आणखी एक बाजू आहे. जिला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो आणि मेंदू तो जिभेच्या खात्यावर टाकतो. सर्दी झाली की सगळं सपक लागतं ते यामुळे. तेव्हा परदेशात आठवण येते ती नुसत्या तिखटाची नसते, फोडणीच्या वासाची असते. नुसती मिरचीपूड सूपवर भुरभुरवून काम भागत नाही, हे प्रत्येक पोराला आठवडाभरात कळतं.

वास आपला की परका, हे मात्र नाक शिकतं. युरोपातल्या लिम्बुर्गर चीजला ज्या जिवाणूमुळे वास येतो, त्याच कुळातले जिवाणू माणसाच्या घामेजल्या पायांवर असतात. आपल्याकडचा माणूस ते चीज बघून नाक दाबतो, यात नवल नाही. पण वरणात चिमूटभर पडल्यावर ज्या वासाने आपल्याला भूक लागते, त्या हिंगाला जर्मन भाषेत नाव आहे ‘टॉयफेल्सड्रेक’. म्हणजे सैतानाची विष्ठा. तेव्हा हिशोब बरोबरीत आहे.

अनोळखी अन्नाची भीती ही लाज वाटावी अशी गोष्टही नाही. सगळं खाणाऱ्या प्रत्येक प्राण्याला ती असते. गाय गवत खाते, तिला निवड करायची नसते. उंदीर आणि माणूस काहीही खाऊ शकतात, त्यामुळे नव्या वस्तूत विष असेल का हा प्रश्न त्यांच्यापुढे कायम असतो. उंदीर नवीन पदार्थ आधी थोडासाच कुरतडतो. माणूस आधी बाजूच्याच्या ताटात बघतो. रचना तीच.

ही भीती जाते कशी? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यात मुलं मिरची खायला कशी शिकतात ते पाहिलं. कोणी जबरदस्ती करत नव्हतं. मोठी माणसं रोज चवीने खाताना दिसत, लहानांच्या वाट्याला आधी कमी, मग थोडी जास्त यायची, आणि पाच-सहा वर्षांची होईपर्यंत मुलं स्वतःहून मागायची. त्याच गावातली कुत्री आणि डुकरं रोज तीच तिखट उष्टी खात होती, पण त्यांना मिरची कधी आवडली नाही. म्हणजे नुसतं पोटात जाऊन आवड तयार होत नाही, सोबत खाणारी माणसं लागतात.

दुसरा प्रयोग तर विद्यार्थ्यांवरच झाला. कॅनडातल्या पॅट्रिशिया प्लायनर यांनी १९८२ मध्ये विद्यापीठातल्या तरुणांना त्यांनी कधी न प्यायलेले फळांचे रस चाखायला दिले. काही रस पाच वेळा, काही दहा, काही वीस वेळा. जो रस जास्त वेळा चाखला, तो जास्त आवडला. एवढंच. बळजबरी नाही, भाषण नाही, फक्त घोट. एकदा चीज खाऊन ‘आपल्याला नाही जमत’ म्हणणाऱ्याने अजून परीक्षा दिलेलीच नसते.

एक सावधगिरी मात्र आहे. नवीन पदार्थ खाल्ल्यावर पोट बिघडलं, तर मेंदू दोष त्या पदार्थाला देतो, कारण खरं कारण वेगळं असलं तरी. ताप आधीच अंगात असेल, पण पुढची कित्येक वर्षं त्या माशाचं नाव काढलं तरी मळमळतं. १९५० च्या दशकात जॉन गार्सिया यांनी उंदरांवर हे दाखवून दिलं. तेव्हा विमानातून उतरल्या उतरल्या, झोप झालेली नसताना, किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री शिंपले चाखून बघणं टाळलेलं बरं. दोष शिंपल्यांचा नसेलही, पण ते कायमचे जातील.

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं ते जर्मनीत बघू. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, म्हणून इंजिनिअरिंगची पोरं तिकडे मोठ्या संख्येने जातात. तिथे गरम जेवण साधारण दुपारी. विद्यापीठाच्या खानावळीला ‘मेन्झा’ म्हणतात, विद्यार्थ्याचं कार्ड दाखवलं की दर कमी लागतो. संध्याकाळी मात्र घराघरांत ‘आबेन्डब्रोट’. शब्दशः संध्याकाळचा पाव. काळा जड पाव, चीज, मांसाचे काप, काकडी, सगळं गार. दुपारी लायब्ररीत चहा-बिस्किटावर काढायचं आणि रात्री गरम जेवणाची वाट बघायची, ही आपली सवय तिथे नेली तर दोन्ही वेळा हुकतात. त्यात रविवारी दुकानं कायद्याने बंद. पहिल्या रविवारी उपाशी राहिलेला नागपूरकर शोधायला फार फिरावं लागणार नाही.

आणि याच देशात ओळखीच्या चवी लपून बसलेल्या असतात. सावरक्राउट म्हणजे मिठात आंबवलेला कोबी. नाव ऐकून तोंड वाकडं होतं, पण ज्याने उन्हाळ्यात ज्वारीची आंबील प्यायली आहे त्याला तो आंबटपणा नवा नाही. ‘क्वार्क’ नावाचा डबा दुकानात दिसतो, तो चक्क्याच्या इतका जवळचा आहे की परदेशातली मराठी घरं त्याचंच श्रीखंड करतात.

शाकाहारी विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. त्याचा प्रश्न आवडीचा नसून माहितीचा असतो. जपानमध्ये भाज्यांच्या सूपमध्येही बहुधा ‘दाशी’ असतं, आणि ते सुकवलेल्या माशापासून काढतात. मेक्सिकन पद्धतीच्या घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते. जेलीत आणि काही गोळ्या-चॉकलेटांत जिलेटिन असतं, जे जनावरांच्या कातडी-हाडांपासून येतं. ‘यात मांस आहे का’ असं विचारलं तर वाढणारा प्रामाणिकपणे नाही म्हणतो, कारण त्याच्या लेखी मासा किंवा चरबी म्हणजे मांस नाही. प्रश्न मोडून विचारावा लागतो. मासा आहे का, चरबी आहे का, रस्सा कशाचा आहे.

बॅगेतल्या मसाल्याचंही थोडं. कोरडा मसाला सहसा अडत नाही. पण ब्रिटन आणि युरोपीय संघ भारतातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. त्यात सुकं मटण आलं, पनीर आलं, खवा आला आणि आईने बाटली बांधून दिलेलं साजूक तूपही आलं. युरोपीय संघात ताज्या संत्र्यांना आणि ताज्या कढीपत्त्यालाही रोगमुक्तीचा दाखला लागतो. ऑस्ट्रेलियात तर खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना जाहीर करावी लागते. लपवलं तर दंड होतो, आणि प्रकरण गंभीर असेल तर व्हिसाही जाऊ शकतो. एका पुड्यासाठी एवढं महाग कशाला पडायचं? आणि तो पुडा सुखरूप पोचला, तरी हॉस्टेलच्या खोलीत फोडणी दिली की धुराचा भोंगा वाजतो आणि अख्खी इमारत अंगणात उभी राहते.

ही अडचण आजची नाही. आणि पूर्वी ती जास्त कडक होती.

१८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. निघण्याआधी श्रीरामपूर इथे, म्हणजे कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला, त्यांनी जाहीर भाषण केलं. आपण तिथेही इथल्यासारख्याच राहू, पोशाख आणि आहार बदलणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणून परत येऊ, असं त्यांनी त्यात सांगितलं. हा हट्ट नव्हता. समुद्र ओलांडणारी ब्राह्मण बाई, मागे समाजाचा डोळा. ताटात काय आहे यावर परतीचं दार उघडं राहणार की बंद होणार, हे ठरणार होतं.

रोझेल गावात कार्पेंटर बाईंच्या घरी त्यांना माया मिळाली. पुढे फिलाडेल्फियात स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात थंडी, अभ्यास आणि स्वतःचं शाकाहारी जेवण रांधणं, असं तिन्ही एकत्र आलं. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. क्षय मात्र अंगात शिरला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बाविसाव्या वाढदिवसाला महिनाभर होता. क्षय जेवणाने होत नाही, जंतूने होतो, त्यामुळे आहाराने त्यांचा जीव गेला असं म्हणणं चूक ठरेल. पण अशक्त शरीर क्षयाशी झुंजू शकत नाही, हेही तितकंच खरं. अशा वेळी ‘थोडं जुळवून घ्यायचं’ असा सल्ला देणाऱ्यांनी त्या दाराचा विचार केलेला नसतो.

पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींवरही आईला दिलेल्या शब्दाचं बंधन होतं. मांस खायचं नाही. सुरुवातीचे दिवस अर्धपोटी गेले. ते रोज दहा-बारा मैल पायपीट करत, स्वस्त खानावळीत पाव खाऊन पोट भरत, आणि अशाच भटकंतीत फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडलं. पुढे त्यांनी घरून येणारे मसाले आणि मिठाया बंद केल्या, आणि आधी बेचव लागलेला उकडलेला पालक त्यांना गोड लागू लागला. चवीचं खरं ठिकाण जीभ नसून मन आहे, असा निष्कर्ष त्यांनी आत्मकथेत काढला आहे. प्लायनरबाईंच्या प्रयोगाला तेव्हा ९० हून जास्त वर्षं अवकाश होता.

बंधन धर्माचं नसलं तरी ताट रिकामं राहू शकतं. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते आठवडाभरच राहिले. तिथलं अर्धंकच्चं आणि बहुतांशी गोमांसाचं जेवण त्यांना रुचलं नाही, असं धनंजय कीर यांनी चरित्रात लिहिलं आहे. मग ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले, जिथे आणखी काही भारतीय विद्यार्थी होते. न पटणाऱ्या खानावळीत कुढत बसण्यापेक्षा आठवड्यात जागा बदलणं, हा निर्णय आजच्या विद्यार्थ्यानेही घेण्यासारखा आहे.

लंडनमध्ये मात्र अडचण रुचीची उरली नाही. १९२० मध्ये ते अपुरा अभ्यास पूर्ण करायला परत गेले तेव्हा पैसे मोजके होते आणि घरी कुटुंब होतं. सकाळी बोर्डिंगच्या बाईने दिलेला तोकडा नाश्ता, मग ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसभर बैठक, दुपारच्या जेवणाला बहुतेक फाटा. रात्री पुन्हा एवढंसंच. दहाच्या सुमारास भूक असह्य व्हायची. एका ओळखीच्या भारतीयाने त्यांना पापडांचा गठ्ठा दिला होता. त्यातले चार पापड पत्र्यावर भाजायचे, सोबत कपभर दूध, आणि परत पुस्तक.

पापड म्हणजे घरची आठवण, असं यावर कोणी म्हणेल. पण चार पापडांत आठवणीपेक्षा हिशोब जास्त होता. ते टिकतात, वजनाला हलके, भाजायला मिनिट लागतं आणि उडदाचं पीठ थोडा तरी आधार देतं. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध या दिवसांतला आहे. याच काळात ते राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केलं. सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकजण लंडनमध्ये तिथे जाऊन येतात. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की पहिली कात्री कशाला लागते, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. जेवणालाच लागते.

आणि मग एक माणूस असा, ज्याने परक्या ताटातलं धान्य आपलं आयुष्य करून टाकलं. तो आपल्याच भागातला.

पांडुरंग खानखोजे मूळचे वर्ध्याचे, शिक्षण काही काळ नागपुरात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रांतीचं वेड घेऊन ते देशाबाहेर पडले. अमेरिकेत मोलमजुरी करत त्यांनी ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या कॉलेजांत शेतीशास्त्र शिकलं, गदर चळवळीत उडी घेतली, पहिल्या महायुद्धात इराणपर्यंत गेले, आणि १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी काम केलं ते मक्यावर, म्हणजे मेक्सिकन माणसाच्या भाकरीवर. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतकी शाळाही काढल्या.

मक्याचा एक धडा इथे सांगायला हवा. मेक्सिकोत मका नुसता दळत नाहीत. आधी तो चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, मग धुऊन वाटतात. त्याने साल सुटतं आणि मक्यात अडकलेलं ब-३ जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपने अमेरिकेतून मका नेला, पण ही रीत नेली नाही. गरिबांनी नुसत्या मक्यावर जगायला सुरुवात केली आणि इटली-स्पेनमध्ये पेलाग्रा पसरला. कातडी सोलते, जुलाब होतात, शेवटी भ्रम होतो. कितीतरी काळ लोक मक्यालाच दोष देत राहिले. दोष धान्यात नव्हता, चुना मागे राहिला होता.

आजच्या विद्यार्थ्याचंही असंच होतं. तो जर्मनांचा गार पाव घेतो, पण दुपारचं गरम जेवण घेत नाही. जपान्यांचा कोरडा भात घेतो, सोबतचं लोणचं आणि सूप सोडतो, आणि मग भात सपक आहे म्हणतो. उलट दिशेनेही हेच. कोणा परदेशी पाहुण्याला तर्रीशिवाय पोहे दिले आणि ‘हे नागपूरचं’ म्हणून सांगितलं, तर त्याच्या हाती काय लागणार?

खानखोजे जवळजवळ तीन दशकं मेक्सिकोत रमले. टीना मोदोत्ती या छायाचित्रकार बाईने त्यांच्या मक्याची छायाचित्रं घेतली. दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची भाकर’ अशा अर्थाच्या नावाचं चित्र रंगवलं, त्यात जेवणाच्या टेबलाशी मधोमध बसून पाव वाटणारा माणूस म्हणजे खानखोजे असं सांगितलं जातं. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले, नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले. भिंतीवरचं चित्र अजून जागेवर आहे. शिक्षणासाठी किंवा कामासाठी मेक्सिको सिटीला गेलेल्या कुणालाही ते पाहता येतं, आणि बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कडेला चुन्यात भिजवलेल्या मक्याची गरम तोर्तिया मिळते. वर हिरव्या मिरचीची चटणी असते, आणि ती नागपूरकरालाही पुरेशी तिखट असते.